मापाऱ्याची वही

दिवसा मी बाजार समितीत सोयाबीन मोजायचो,
रात्री जिनिंगच्या आवारात
त्याच हातानं घंटा वाजवायचो.
तीन मिनिटं, घंटा. एक मिनिट, घंटा.
शेलूबाजारात काटा आणि घड्याळ दोन्ही सांभाळणारा
दुसरा कोणी नव्हता,
म्हणून वही माझ्याकडे राहिली.

पानठेल्यावर अजून विचारतात,
'सांग ना बे मापारी, कोन मोठा?
कैलास का मोबीन?'
मी वही काढतो.
मागच्या पानांवर अडत्यांची जुनी उधारी आहे,
पुढच्या पानांवर हे दोघं.

कैलास डोंगरदिवे. लढती एक्केचाळीस, जिंकल्या चौतीस.
मोबीन मिर्झा. लढती एकोणतीस, जिंकल्या सव्वीस.

कॉलेजातली पोरं मोबाईलवर भागाकार करतात,
'काका, मोबीन पुढं आहे.'
असेल.
भागाकाराला हे माहीत नाही
की मोबीन मधली चार वर्षं हैदराबाद रोडवर ट्रक चालवत होता,
आणि कैलास त्या चार वर्षांत
जो समोर येईल त्याच्याशी लढला,
तापात लढला,
बहिणीची पाठवणी करून, रात्रभर जागून लढला,
आणि त्यातच पाच वेळा हरला.

नॉकआउट मोबीनचे अकरा.
लोक बसायला जागा शोधत असायचे,
तोवर समोरचा आडवा.
कैलासचे फक्त चार,
पण चारही शेवटच्या फेरीतले,
जेव्हा हात
पावसात भिजलेल्या कापसाच्या गाठोड्यासारखे होतात
आणि वर उचलायला मन लागतं.

वजन दोघांचं सदुसष्ट.
म्हणजे सोयाबीनचा एक कट्टा, वर सात किलो तूर.
कैलास मूळचा एकाहत्तरचा.
लढतीच्या आधी अंगात युरियाचं रिकामं पोतं घालून
कारंजा रोडनं पळायचा, थुंकत थुंकत.
मोबीन चौसष्टचा.
काट्यावर चढण्याआधी
हापशीवर जाऊन पोट टम्म भरून यायचा.
पोत्यातला ओलावा ज्याला हातानं कळतो
त्याला पोटातलं पाणी कळत नाही का?
पण ओलाव्याची कपात
मी शेतकऱ्याच्या मालात केली,
ह्यांच्यात नाही केली.

एकमेकांशी तीनदा.
पहिली मोबीन, गुणांवर.
दुसरी कैलास, तीही गुणांवर, एकाच गुणानं,
आणि त्या गुणावरून दोन गावांची
वर्षभर बोलाचाली बंद होती.
तिसरी.

तिसऱ्या लढतीत, शेवटच्या फेरीत,
एक मिनिट चाळीस सेकंदांवर
लाईन गेली.
पंच ओरडला, लोक ओरडले,
कोणीतरी डिझेल आणायला धावलं.
माझ्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे दिसायचे.
थांबवा असं मला कोणी म्हटलं नाही,
म्हणून मी मोजत बसलो. सवय.
आणि मी दोरीच्या अगदी खाली होतो, म्हणून
दोन श्वास ऐकू येत होते,
एक नाकातून, एक तोंडातून.
ठोसा एकही नाही.
मग हळूच,
'डोयाले लागलं का बे?'
'नाई. तुले?'
'उभा राय तसाच. दोर तुह्या मांगंच हाये.'

अकरा मिनिटांनी बल्ब पेटले.
दोघं एकमेकांचे ग्लोव्हज धरून उभे होते.
उजेड पडताच सुटले,
चोरी सापडल्यासारखे,
एकेक पाऊल मागे.
पंचानं लढत रद्द केली. खुर्च्या फुटल्या.
मी त्या रकान्यात लिहिलं, 'निकाल नाही'.
दुसरं काय लिहिणार?
रकाने छापून आलेले होते.

चौथी झालीच नाही.
मोबीनच्या गुडघ्यानं ठरवलं, नंतर कैलासच्या नोकरीनं.

आता ह्या ठेल्यावर
दोन्ही गावची पोरं बोटानं आकडे दाबून पाहतात,
जणू खाली अजून काही उमटलं असेल.
अंधारात आधी कोण बोललं, ते मला माहीत आहे.
आवाज ओळखीचे होते.
पण सांगत नाही.
ही पोरं त्याचाही
एक गुण धरतील.